आरंभीची शिल्लक पाहून शिकवावे

नव्या वर्षाची खातेवही उघडताना आपण प्रथम आरंभीची शिल्लक लिहितो. ती चुकली, तर पुढील प्रत्येक बेरीज बरोबर असूनही ताळेबंद जुळत नाही. गरीब वस्त्यांतील प्राथमिक शाळांत अनेक मुलांच्या बाबतीत असेच घडते. मूल पाचवीत आले म्हणून त्याच्यापुढे पाचवीचे पुस्तक ठेवले जाते. त्याला वाचता किती येते, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने निघणारा ‘असर’ अहवाल २००५ पासून हीच शिल्लक मोजत आला आहे. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात; अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकारही तपासतात. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला, तर भागाकार अवघ्या ३०.७ टक्के मुलांना जमला.

ही मागील बाकी चक्रवाढीने वाढत जाते. ज्याला वाचता येत नाही, त्याला गणिताचे शाब्दिक उदाहरणही कळत नाही. काही वर्षांतच ‘आपणच मंदबुद्धी आहोत’ अशी त्या मुलाची समजूत होते. खरी हानी ती.

उपाय फारसा खर्चिक नाही. ‘प्रथम’ने मुंबई व वडोदरा येथील शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबविला. वस्तीतील शिकलेल्या तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन व अंकगणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. या दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकविण्याची पद्धत विकसित झाली.

याच दोघांचा सहभाग असलेला, २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास आपणा व्यापारी कुटुंबांस विशेष जवळचा वाटेल. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले वजन, भाव आणि परत द्यावयाची रक्कम तोंडी अचूक सांगत. वहीतील उदाहरणांपुढे मात्र अडखळत. उलट, शाळेतील मुले वहीत गणित सोडवीत, पण बाजारातील हिशेबात गोंधळत. आपल्या आजोबांच्या पिढीत पावकी, निमकी, दिडकी पाठ होत आणि तराजूशी त्यांची रोजची गाठ पडे. पाठांतर व व्यवहार यांचा तो सांधा आज शाळेत पुन्हा जुळवावा लागेल.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, हे ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२६-२७ साठीचे उद्दिष्ट आहे. शासन आपले काम करीलच. आपणही शाळेस वह्या-दप्तरे देतो, ते चांगलेच, पण देताना मुख्याध्यापकांना एवढे अवश्य विचारावे : “तिसरीतील किती मुलांना साधी गोष्ट वाचता येते?” ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तके आणि एखाद्या स्थानिक शिक्षिकेचे मानधन द्यावे. घरातील निवृत्त मंडळींनी आठवड्यातील दोन-तीन तास द्यावेत. सुटे पैसे, वजने आणि जुनी बिले यांतूनही उत्तम गणित शिकविता येते. सहा महिन्यांनी तीच गोष्ट त्याच मुलांकडून पुन्हा वाचून घ्यावी. दिलेली देणगी पोहोचली की नाही, हे त्या वाचनावरून कळेल.