कॅमेरा घ्या, पण आधी गरज ओळखा

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझा भाचा अकोल्याहून सकाळच्या गाडीने निघाला, बडनेऱ्याला उतरला आणि थेट अमरावतीला आमच्या घरी आला. हातात दुकानाचे रंगीत पत्रक आणि पतसंस्थेच्या कर्जाचा अर्ज. "जयभीम मामा. जामीनदार म्हणून तुमची सही पाह्यजे होती," म्हणाला. पत्रकावर ७८ हजार रुपयांच्या कॅमेऱ्याभोवती पेनाने गोल केला होता.

त्याचे वडील बाजारात हमाली करतात, आमची बहीण घरी शिवणकाम करते. सही करायला मला एक मिनिट लागले असते, पण हप्ता त्या घराला २४ महिने भरायचा होता. म्हणून मी कोरा कागद घेतला आणि विचारले, "तुले फोटो कायचे काढाचे हायेत?"

"लग्नाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे. आन् घरचे. मामा, मेगापिक्सेल किती हायेत ते तर पाहा!"

त्या दिवशी आम्ही मामा-भाच्यांनी बसून जो हिशेब केला, तोच आज वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न आता आपल्या प्रत्येक वस्तीत, कोणत्या ना कोणत्या घरात निघतोच.

आकडा मोठा म्हणून फोटो चांगला नसतो

कोडॅक कंपनीचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात मेगापिक्सेलचा फक्त शंभरावा भाग होता, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तेव्हापासून कंपन्यांनी हा आकडा वाढवत नेला आणि गिऱ्हाईक आकड्यालाच भुलू लागले.

हिशेब सोपा आहे. कागदावर स्वच्छ छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे आपल्या नेहमीच्या ४ बाय ६ इंचाच्या फोटोला जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ इंचाच्या फोटोला पावणेनऊ, आणि १२ बाय १८ इंचाच्या मोठ्या फोटोला साडेएकोणीस. आज नावाजलेल्या कंपन्यांचे बरेच साधे कॅमेरे २४ मेगापिक्सेलच्या आसपास असतात. त्यापुढच्या आकड्यासाठी गरीब माणसाने जास्तीचे पैसे मोजू नयेत. आणि तीन-चार हजारांत ४८ मेगापिक्सेल सांगणाऱ्या, कधी नाव न ऐकलेल्या कॅमेऱ्यांपासून तर दूरच राहावे. त्यात लहान फोटो ताणून मोठा केलेला असतो.

पाहायचे ते सेन्सर. पूर्वी रिळावर प्रकाश पडायचा, आता तो सेन्सरवर पडतो. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात तो साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तो सुमारे २३ बाय १५ मिलिमीटर भरतो, आणि महागड्या फुलफ्रेममध्ये ३६ बाय २४. पाऊस सारखाच असला तरी परातीत वाटीपेक्षा जास्त पाणी साचते, तसेच हे आहे. अंधारात फोटो दाणेदार येतो की स्वच्छ, हे बरेचसे यावर ठरते.

प्रसंग तसा कॅमेरा

दिवसाउजेडी घरच्या माणसांचे फोटो काढायचे आणि ते फोनवरच पाहायचे, फार तर पोस्टकार्डाएवढे छापायचे, एवढीच गरज असेल तर हातातला फोन पुरे. वेगळा कॅमेरा घेऊच नये.

सहलीला जाणाऱ्यांना, म्हणजे चिखलदऱ्याच्या दरीचा पलीकडचा कडा किंवा काटेपूर्णा अभयारण्यातला पक्षी जवळ आणायचा असेल, त्यांना ऑप्टिकल झूम लागतो. डिजिटल झूम ही फसवी गोष्ट आहे. त्यात फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो.

१४ एप्रिलच्या रात्री अमरावतीच्या इर्विन चौकातली गर्दी टिपायची, किंवा अकोल्याच्या धम्ममेळाव्याची मिरवणूक दिवेलागणीनंतर काढायची, तर काम कठीण होते. माणसे चालत असतात आणि उजेड कमी असतो. इथे लेन्सवरचा 'एफ' हा आकडा वाचावा. तो जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स पुढे ओढली की ५.६ वर जाते. पन्नास मिलिमीटरची साधी १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते, आणि ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. महागडा कॅमेरा आणि साधी लेन्स यापेक्षा साधा कॅमेरा आणि ही लेन्स रात्री जास्त कामाची.

पांढऱ्या साडीचा घोटाळा

आपल्या लग्नांत नवरी पांढऱ्या साडीत आणि नवरदेव पांढऱ्या कपड्यांत असतो. कॅमेऱ्याचे गणित मात्र समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. खूप पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. साडी मळकट येते आणि चेहरे अंधारात जातात. मग लोक म्हणतात, "पोरगी काळी आली फोटोत." दोष पोरीचा नसतो, यंत्राच्या हिशेबाचा असतो.

उपाय बोटाशी आहे. अधिक-उणे चिन्हाचे बटण एका घराने अधिककडे न्यायचे. दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर हे बटण कुठे आहे आणि अंगठ्याला सहज सापडते का, हे आधी पाहावे. फोनवरही चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवता येतो. चेहरे गोरे करणारी 'ब्युटी'ची सोय मात्र बंद ठेवावी. आपल्या माणसांचा रंग आहे तसाच येऊ द्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पैशाचा हिशेब

आता कर्जाचे. ७८ हजार रुपये, दरसाल १२ टक्के व्याज आणि २४ हप्ते धरले, तर महिन्याला सुमारे ३,६७० रुपये भरावे लागतात. व्याजच दहा हजारांच्या वर जाते. शिवाय लग्नाचे काम घ्यायचे तर दुसरी बॅटरी, दोन कार्डे, फ्लॅश आणि पिशवी लागते. त्याचे पंधरा-वीस हजार वेगळे. आणि लग्ने बारा महिने नसतात, हप्ता मात्र बारा महिने असतो.

मी भाच्याला म्हटले, "पहिल्याच महिन्यात तुले काम कोन देते?" त्याच्याकडे उत्तर नव्हते.

नवा, लेन्स बदलता येणारा साधा कॅमेरा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात सुरू होतो. कंपन्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहे. त्यामुळे आरशाचे जुने डीएसएलआर वापरलेल्या स्थितीत बरेच स्वस्तात मिळतात, आणि शिकणाऱ्यासाठी ते उत्तम आहेत. नवीन घेताना पक्के बिल घ्यावेच. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो वाचवण्यासाठी बिल सोडले तर वॉरंटीही जाते.

वापरलेला घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, लेन्समधून टॉर्च टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का. दोन, 'एफ'चा आकडा १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. तीन, शटर किती वेळा उघडले याचा आकडा विचारावा, कारण शटरला आयुष्य असते. चार, स्वतःचे कार्ड नेऊन दहा फोटो काढावेत, ते घरी मोठे करून पाहावेत आणि मगच पैसे द्यावेत.

आपल्या वऱ्हाडात दोन शत्रू आणखी आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नये. आणि पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

फोटो टिकला तरच उपयोग

शेवटची गोष्ट माझ्या घरची आहे. आमची आई १९५६ च्या १४ ऑक्टोबरला वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेली होती. ती आठवण ती आम्हाला नेहमी सांगे. माझ्या लहानपणी ३६ फोटोंचे रीळ असायचे. ते जपून वापरायचे, म्हणून आईचे फोटो निघालेच नाहीत. पुढे फोन आला आणि मी तिचे भरपूर फोटो काढले. ती भात निवडताना, पेपर वाचताना, नातवावर रागावताना. ते सगळे एकाच फोनमध्ये होते. एका पावसात फोन भिजला, बंद पडला, आणि सगळे गेले. आज आमच्या भिंतीवर तिचा फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला. डोळे कुठे पाहतात तेही नीट कळत नाही.

भाचा त्या फोटोकडे बराच वेळ पाहत बसला. म्हणून सांगतो, कॅमेरा घ्यायचा खर्च मांडाल तेव्हा फोटो जपण्याचा खर्चही त्यातच मांडा. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. एक पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर घरात, दुसरी नातेवाइकाकडे. आणि वर्षातले निवडक दहा फोटो कागदावर छापून घ्या, मागे नाव, गाव आणि तारीख लिहा.

सही मी त्या दिवशी केली नाही. भाचा हिरमुसून परत गेला. पण चार महिने तो अकोल्यातल्या एका फोटोग्राफरकडे मदतनीस राहिला, फ्लॅश धरला, वायरी गुंडाळल्या. मग साठवलेल्या पैशांत बहिणीने थोडी भर घातली, आणि त्याने वापरलेला डीएसएलआर व ती पन्नासची लेन्स घेतली. कर्ज काढावे लागले नाही.

पहिल्या रविवारी त्याने लग्नाचे काम घेतले नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून खिडकीशी बसवले आणि फोटो काढले. आता प्रत्येक घरी ८ बाय १२ चा एक फोटो आहे, आणि दुसरी प्रत माझ्याकडे अमरावतीला, कपाटात आहे.