पाकपट्टनचे पीर, अमृतसरचे श्लोक

पाकपट्टन (पाकिस्तान) : मोहरमच्या पाच तारखेला संध्याकाळी या गावात एक दरवाजा उघडतो. एरवी वर्षभर तो बंद असतो. बाबा फरीद यांच्या समाधीचा हा दक्षिणेकडचा दरवाजा. नाव बहिश्ती दरवाजा, म्हणजे स्वर्गाचं दार. जो यातून पलीकडे जाईल त्याचा परलोक सुखाचा, अशी इथली श्रद्धा आहे. बाबांचे पट्टशिष्य निजामुद्दीन औलिया यांना तसा दृष्टान्त झाला होता असं सांगतात. मग मोहरमच्या त्या चार-पाच रात्री ‘हक फरीद, या फरीद’ असा घोष करत लाखो माणसं एका चिंचोळ्या दारातून आत घुसतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. २००१ मध्ये याच गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक माणसं गेली. २०१० च्या ऑक्टोबरात दर्ग्याच्या फाटकाशी बॉम्ब फुटला, त्यातही बळी गेले. तेव्हापासून पोलिसांचे कठडे, झडती, कॅमेरे हे सगळं उरुसाचाच भाग होऊन गेलं आहे. गर्दी मात्र तेवढीच.

ही गर्दी बाबांना आवडली असती का? जुन्या फारसी ग्रंथांत याचं उत्तर मिळतं आणि ते गमतीदार आहे. दिल्लीचा सुलतान नासिरुद्दीन महमूद याची फौज उच आणि मुलतानच्या मोहिमेवर निघाली असता इथून गेली. हजारो शिपाई दर्शनाला लोटले. एकेकाला भेटणं अशक्यच होतं. शेवटी बाबांच्या अंगरख्याची एक बाही गच्चीवरून खाली सोडली गेली. शिपाई यायचे, बाहीचं चुंबन घ्यायचे, पुढे जायचे. थोड्याच वेळात बाहीच्या चिंध्या झाल्या. नंतर बाबा मशिदीत शिष्यांच्या कड्यात उभे राहिले, तर एक म्हातारा फर्राश कडं फोडून आत शिरला आणि त्याने पाय धरले. बाबा त्रासले, तेव्हा त्यानेच त्यांना सुनावलं, की देवाने दिलेल्या या भाग्याचे आभार माना, कंटाळता काय! ही आठवण निजामुद्दीन औलियांनी सांगितलेली आहे. संतचरित्रात गुरूला झाडूवाला चार गोष्टी ऐकवतो आणि शिष्य ती हकिकत झाकून न ठेवता सांगतो, यातच चिश्ती परंपरेचा बराच स्वभाव कळतो.

फरीदुद्दीन मसूद यांचा जन्म बाराव्या शतकाच्या अखेरीस मुलतानजवळच्या कोठेवाल गावचा. घराणं काबूलकडून आलेलं, आजोबा गावचे काझी. आई करसूम बीबी मोठी धर्मनिष्ठ. पोराने नमाज चुकवू नये म्हणून ती त्याच्या बिछायतीखाली साखरेची पुडी ठेवायची. एकदा ठेवायला विसरली तरी साखर सापडलीच. ‘गंजशकर’, साखरेचा खजिना, हे बिरुद त्या कथेतून आलं. निदान पाकपट्टनमध्ये तरी तसंच मानतात. इथल्या मिठाईवाल्यांकडे तोशा नावाचा पाकात मुरवलेला तळणीचा पदार्थ मिळतो आणि यात्रेकरू तो प्रसादासारखा घरी नेतात.

मुलतानला शिकत असताना ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी भेटले आणि तरुण फरीद त्यांच्यामागे दिल्लीला गेला. काकी हे अजमेरच्या मोइनुद्दीन चिश्तींचे शिष्य. म्हणजे अजमेर, मेहरौली, पाकपट्टन आणि मग निजामुद्दीनांची दिल्ली, अशी ही चार पिढ्यांची गुरुपरंपरा. पण गुरूनंतर गादी मिळत असतानाही फरीद राजधानीत थांबले नाहीत. आधी हांसी, मग सतलजच्या उतारावरचं हे गाव, तेव्हाचं अजोधन. तेव्हा भोवती झुडपी रान होतं, साप होते आणि बाबांना पाण्यात पाहणारा गावचा काझीही होता.

त्यांच्या घराला खानकाह म्हणण्यापेक्षा जमातखाना म्हणणं योग्य. मोठी एकच खोली, सगळे जमिनीवर. गावात झोळी फिरायची, तीत पडेल ते सगळ्यांनी खायचं. बहुतेक दिवशी करिराच्या झाडाची फळं मीठपाण्यात शिजायची. एकदा मीठ संपलं म्हणून निजामुद्दीनांनी वाण्याकडून उधार आणलं. घास उचलताच बाबांचा हात थांबला. या अन्नात काहीतरी शंकास्पद आहे म्हणाले. खरं कळल्यावर त्यांनी सांगितलं, की फकिराने उपाशी मरावं पण जिभेसाठी कर्ज करू नये. पुढे सुलतान होणारा बल्बन रोकड आणि चार गावांची सनद घेऊन आला, तेव्हा रोकड त्याच दिवशी वाटली गेली आणि सनद परत गेली. जमीन हवी असणारे पुष्कळ आहेत, त्यांना द्या, असा निरोप होता.

१२६५ मध्ये बाबा गेले तेव्हा घरात कफनालाही पैसा नव्हता. कबरीसाठी कच्च्या विटा हव्या होत्या, त्याही घराचं दार पाडून काढल्या. आज ज्यांच्या दरवाजासाठी रेटारेटी होते, त्यांच्या घराचं दार असं कामी आलं.

विरक्ताच्या पोटी संस्थान जन्माला यायला मात्र फार वेळ लागला नाही. नातू अलाउद्दीन गादीवर असताना इब्न बतूता १३३४ मध्ये इथे येऊन गेला. तेव्हाचे शेख कुणाला हात लावू देत नसत. कुणाचा कपडा लागला तरी आपला धुऊन काढत, अशी नोंद त्याने केली आहे. आजोबांची बाही शिपायांनी फाडली आणि नातू स्पर्श टाळू लागला, असा हा प्रवास. महंमद तुघलक या नातवाचा भक्त होता. त्याने बांधलेली नातवाची कबर आज बाबांच्या बुटक्या समाधीशेजारी अंग फुलवून उभी आहे. दर्ग्याला जमिनी मिळाल्या, ‘दिवाण’ ही वंशपरंपरेची पदवी आली. १३९८ मध्ये तैमूर आला, पण त्याने गाव लुटलं नाही. रणजितसिंहाने हा मुलूख जिंकला तरी दर्ग्याची मानमर्यादा राखली.

पाकिस्तानात दर्गा ही केवळ श्रद्धेची जागा नाही, हे इथे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. अयूब खान यांच्या राजवटीत सरकारने औकाफ खातं काढून मोठमोठे दर्गे ताब्यात घेतले. दानपेटी सरकारची, दार उघडण्याचा मान दिवाणांचा, अशी वाटणी झाली. निवडणुकीत पीर घराण्यांचं वजन अजून मोजलं जातं. २०१८ च्या निवडणुकीच्या तोंडावर इम्रान खान पत्नी बुशरा बीबींसह इथे आले आणि उंबऱ्यावर झुकले. ते चित्रीकरण पसरताच टीव्हीवर मौलवींमध्ये रण पेटलं. देवाशिवाय कुणापुढे झुकणं म्हणजे पाप, असं एक मत. नमस्कार आणि सजदा यात फरक आहे, असं दुसरं. काही आठवड्यांतच इम्रान पंतप्रधान झाले, आणि बाबांच्या कृपेचा हिशेब भक्तांनी आपापल्या परीने मांडला.

भोवतालच्या सियाल, वट्टू, खोखर अशा कित्येक कुळांत ‘आमचा मूळपुरुष बाबांच्या हातून मुसलमान झाला’ असं सांगतात. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने सियालांच्या वंशावळी तपासल्या, तर वेगळंच दिसलं. मुसलमानी नावं पंधराव्या शतकात तुरळक, मग हळूहळू वाढत एकोणिसाव्या शतकापर्यंत सार्वत्रिक. धर्मांतर एका बैठकीत झालं नव्हतं. रानातले गुराखी शेतीकडे वळले, दर्ग्याच्या उत्सवांत, लग्नसंबंधांत ओढले गेले आणि काही शतकांत मुसलमान झाले. तलवार किंवा चमत्कार, या दोन्ही आवडत्या कहाण्यांपेक्षा हे वर्णन जास्त पटतं.

हे सगळं बाबांच्या देहाभोवतीचं. त्यांच्या कवितेची गोष्ट याहून चमत्कारिक आहे.

फरीद हे पंजाबीचे आद्य कवी मानले जातात. म्हातारपण, गेलेला काळ, तळ्यावरचे पक्षी, माती, कबर हे त्यांचे विषय, आणि बोली नैर्ऋत्य पंजाबची, खडबडीत. पण ही कविता त्यांच्या मुसलमान शिष्यांनी जपून ठेवल्याचा जुना पुरावा नाही. निजामुद्दीनांची संभाषणं टिपणारे अमीर हसन सिज्झी फारसीत लिहीत होते, त्या ग्रंथात हे श्लोक नाहीत. ते सापडतात शिखांच्या ग्रंथात. गुरू नानक पाकपट्टनला आले तेव्हा गादीवर शेख इब्राहीम होते. दोघांची चर्चा झाली आणि श्लोक बहुधा त्या भेटीतून गुरुघरी पोहोचले. १६०४ मध्ये गुरू अर्जुन यांनी अमृतसरला आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात ‘सलोक शेख फरीद के’ या मथळ्याखाली १३० श्लोक आहेत. त्यांतले ११२ फरीदांचे. उरलेले खुद्द गुरूंचे, मधे मधे पेरलेले. फरीद देह तापवण्याची, झिजवण्याची भाषा करतात. तिथे लगेच गुरूंचा श्लोक येऊन सांगतो, की देहाने काय बिघडवलंय, आत बघ. आक्षेप असूनही मूळ श्लोक गाळला नाही, त्याच्याशेजारी बसून वाद घातला. धर्मग्रंथात अशी मोकळीक विरळा. याशिवाय फरीदांची चार पदंही ग्रंथात आहेत.

हे फरीद म्हणजे नक्की पहिले की त्यांच्या नावाने लिहिणारे शेख इब्राहीम, हा वाद शीख धर्मावर लिहिणाऱ्या मॅकॉलिफने १९०९ मध्ये उकरून काढला. भाषा तेराव्या शतकाची वाटत नाही, हे त्याचं म्हणणं. पण तोंडोतोंडी चालत आलेली रचना प्रत्येक पिढीच्या जिभेवर थोडी बदलते, त्यामुळे एवढ्यावरून कर्ता बदलायची गरज नाही असं पंजाबी अभ्यासकांपैकी पुष्कळांना वाटतं. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर वाद झडलेले पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नवं वाटू नये.

मराठी वाचकाचा संबंध इतकाच नाही. त्याच ग्रंथात, फरीदांसारख्याच ‘भगत’ म्हटलेल्या संतांच्या वाणीत नामदेवांची ६१ पदं आहेत. फरीद गेले त्यानंतर पाच वर्षांनी, १२७० मध्ये नामदेव जन्मले. आयुष्यात गाठ पडणं शक्य नव्हतं, ती अमृतसरला पडली. निजामुद्दीनांची संभाषणं टिपणारे ते अमीर हसन सिज्झी तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दौलताबादला आले आणि खुलदाबादेत चिरविश्रांती घेत आहेत. तिथेच निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब यांचीही कबर आहे. वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर तर खुद्द शेख फरीद येऊन राहिले असं मानतात. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे बाबांची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, ही तिथली कथा. इतिहासाला ते मान्य होणं कठीण. पण हिंदू आणि मुसलमान दोघेही ती टेकडी चढतात, आणि पंजाबचा एक फकीर विदर्भातल्या लोकांना आपला वाटतो.

पाकिस्तानात या कवितेची अवस्था विचित्र आहे. जनगणनेत सर्वाधिक लोकांची मातृभाषा पंजाबी, पण शाळेत उर्दू आणि इंग्रजी. लाहोरच्या मध्यमवर्गीय घरांत आईवडील एकमेकांशी पंजाबी बोलतात आणि मुलांशी उर्दू. पंजाब विधानसभेत सदस्यांना पंजाबीत बोलण्याची रीतसर मुभा मिळाली ती २०२४ मध्ये. तोवर सभापतींची खास परवानगी लागे. अशा देशात बाबांचे श्लोक कव्वालांच्या तोंडी राहिले, पण छापील संहितेसाठी अभ्यासकांना गुरुमुखीकडे जावं लागलं. मोहम्मद आसिफ खान यांनी ‘आखिआ बाबा फरीद ने’ हे संपादन फारसी वळणाच्या शाहमुखी लिपीत केलं, तेव्हा आधार शिखांच्या ग्रंथाचा होता. मुसलमान संताची वाणी शिखांनी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ सांभाळली आणि मुसलमान वाचकाने ती परत लिप्यंतर करून घेतली. फाळणीत ज्यांनी एकमेकांची घरं जाळली, त्यांच्यातला हा व्यवहार आहे.

सतलजही आता जुनी राहिलेली नाही. गाव ज्या उंचवट्यावर आहे त्याच्या पायथ्याशी एकेकाळी नावा लागत. पात्र केव्हाच काही मैल दूर सरकलं. १९६० च्या सिंधू जलकराराने तिचं पाणी भारताकडे गेलं आणि इथे बहुतेक काळ वाळूच दिसते. २०२३ आणि २०२५ मध्ये मात्र वरून पूर आला आणि काठची गावं पाण्याखाली गेली.

भारतातल्या पंजाबात फरीदकोट आहे, बाबांच्या नावाचं. पाकपट्टनपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही. तिथे दर वर्षी १९ ते २३ सप्टेंबरला बाबा फरीदांचा मेळा भरतो, नगरकीर्तन निघतं, आणि त्यांच्या नावाचं आरोग्य विद्यापीठही तिथे आहे. पाकपट्टनचा उरूस चांद्र पंचांगाने सरकत राहतो. २०१८ मध्ये आशुरा, म्हणजे मोहरमची दहावी तारीख, २१ सप्टेंबरला आली, तेव्हा इकडे बहिश्ती दरवाजाच्या रात्री आणि तिकडे मेळ्याचे दिवस एकत्र पडले. फरीदकोटकरांना इथे यायचं तर व्हिसा, त्यात गावाचं नाव आणि पोलिसांत हजेरी. करतारपूरचा मार्ग २०१९ मध्ये खुला झाला, पण त्या मार्गाने फक्त करतारपूर. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची वाट बंद झाली, मे महिन्यात भारताने करतारपूरची यात्राही थांबवली. उरूस आणि मेळा पुन्हा एकाच आठवड्यात यायचा योग २०५० च्या सुमारास आहे.