अभिनती आणि समतोल : विभेदी विवर्धकातील प्रवाहांची मांडणी

'बायस' हा शब्द तौलनिक साहित्याच्या चर्चेत बहुधा दोषदर्शक अर्थाने येतो. वाचकाचा, अनुवादकाचा वा समीक्षकाचा पूर्वग्रह, असा त्याचा आशय असतो. इलेक्ट्रॉनिकीत मात्र तेच एका आवश्यक पूर्वतयारीचे नाव आहे. संकेत येण्यापूर्वी, विश्रांत अवस्थेत, मंडलातून किती प्रवाह वाहत राहावा हे ठरवून देणे म्हणजे 'बायस' देणे. ज्या फ्रेंच शब्दावरून तो इंग्रजीत आला त्याचा अर्थ केवळ 'तिरपा' असा आहे. दोषाची छटा पुढे चिकटली. १९६१ साली स्थापन झालेल्या दिल्लीतील वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाच्या हिंदी परंपरेत यासाठी 'अभिनति' ही संज्ञा रूढ आहे, आणि मराठीतही सांख्यिकीच्या लेखनात 'अभिनती' वापरली जाते. अ‍ॅम्प्लिफायरला हिंदी 'प्रवर्धक' म्हणते, तर मराठी विश्वकोशाने 'विवर्धक' ही संज्ञा स्वीकारली. प्रस्तुत लेखात 'विभेदी विवर्धक' या मंडलात समतोल प्रवाहांसाठी अभिनती कशी दिली जाते याचे विवेचन करावयाचे आहे. तुलनेचे यंत्र नेमके कशाच्या आधारावर उभे असते, हा प्रश्न या मंडलात मोजमापासह समोर येतो, म्हणून तुलनाकारांनी तो पाहण्यासारखा आहे.

१. फरक ओळखणारे मंडल

रुग्णालयात हृदयाचा आलेख काढताना दोन हातांवरील विद्युत् दाबांतील फरक मोजला जातो. तो सुमारे १ मिलिव्होल्ट इतकाच असतो. याउलट खोलीतील ५० हर्ट्‌झच्या वीजवाहिन्यांमुळे शरीरावर उमटणारा दाब त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. पण तो दोन्ही हातांवर जवळजवळ सारखाच असतो. म्हणून सामाईक भाग दुर्लक्षून केवळ फरक वाढविणारे मंडल हवे असते.

त्याची मूळ रचना साधी आहे. दोन समान ट्रँझिस्टरांचे एमिटर एकत्र जोडून त्यांच्याखाली एकच सामाईक शाखा ठेवतात. इंग्रज अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३६ मध्ये निर्वात नलिकांच्या अशा जोडीसाठी पेटंट मागितले होते. या रचनेस 'लांब शेपटीची जोडी' हे नाव मिळाले. शेपटीतून जाणारा एकूण प्रवाह ठरलेला असेल, तर एका बाजूचा प्रवाह जितका वाढेल तितका दुसऱ्या बाजूचा घटलाच पाहिजे. दोन्ही आदाने एकदम वर गेली, तर मात्र कोणत्याही बाजूस वाढ मिळण्याचे कारण उरत नाही.

२. शेपटीचा प्रवाह

शेपटी म्हणून केवळ एक रोधक ठेवता येतो. ऋण पुरवठा १२ व्होल्ट, आदाने शून्यावर आणि एमिटर त्याखाली ०.६५ व्होल्टवर असल्यास ११.३५ किलोओहमचा रोधक १ मिलिअँपिअर प्रवाह देतो. परंतु दोन्ही आदाने १ व्होल्टने वर गेली की हा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शेपटी आदानांपासून स्वतंत्र राहिलेली नसते.

यावर उपाय म्हणजे रोधकाच्या जागी स्थिर-प्रवाह स्रोत. एका ट्रँझिस्टरमध्ये निश्चित केलेला प्रवाह दुसऱ्या समान ट्रँझिस्टरमध्ये उमटविणाऱ्या रचनेस 'करंट मिरर' म्हणतात. एकीकृत मंडलांत ही रचना सर्रास आढळते. अशा स्रोताचा अंतर्गत रोध १० लाख ओहम असेल, तर वरील १ व्होल्टचा बदल प्रवाहात केवळ ०.१ टक्का फरक घडवितो.

३. दोन अर्धांची समानता

एकूण प्रवाह स्थिर असला तरी तो निम्मा-निम्मा विभागला जाईलच असे नाही. ट्रँझिस्टरचा प्रवाह बेस व एमिटर यांमधील दाबानुसार घातांकी रीतीने वाढतो : सामान्य तापमानास सुमारे १८ मिलिव्होल्टच्या वाढीने तो दुप्पट होतो. म्हणून १ मिलिव्होल्टच्या विषमतेने दोन प्रवाहांत जवळजवळ ४ टक्के अंतर पडते. तापमानातील १ अंशाचा फरक सुमारे २ मिलिव्होल्टइतका परिणाम करतो. त्यामुळे दोन्ही ट्रँझिस्टर एकाच चिपवर शेजारी ठेवतात. नोएडा-ग्रेटर नोएडा परिसरात आज जे चिप-आरेखन चालते त्यातही हा नियम पाळावाच लागतो. अधिक काटेकोरपणा हवा असल्यास चार ट्रँझिस्टर चौकोनात मांडून कर्णांवरील दोन-दोन जोडतात. चिपवर एका दिशेने वाढत जाणारी उष्णता मग दोन्ही अर्धांस सारखीच बाधते.

दुसरा उपाय प्रत्येक एमिटरशी लहान रोधक जोडण्याचा. प्रत्येक अर्धात ०.५ मिलिअँपिअर प्रवाह असता २०० ओहमच्या रोधकावर १०० मिलिव्होल्ट दाब पडतो व प्रवाहांतील विषमता सुमारे एक पंचमांश उरते. मात्र विवर्धनही त्याच प्रमाणात घटते.

बेसच्या प्रवाहाकडेही दुर्लक्ष चालत नाही. विवर्धनांक १०० असल्यास बेसला ५ मायक्रोअँपिअर लागतात. दोन बेसच्या मार्गांत १ किलोओहमचे अंतर असले तरी ५ मिलिव्होल्टची विषमता निर्माण होते आणि एक प्रवाह दुसऱ्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने अधिक होतो. म्हणून दोन्ही बाजूंस समान रोधाचा मार्ग द्यावा लागतो.

४. निष्कर्ष

शेपटीची स्थिरता आणि अर्धांची समानता हे दोन उपाय परस्परपूरक आहेत. अर्ध पूर्णतः समान असतील, तर शेपटीतील चढउतार दोहोंत सारखा वाटला जातो व फरकात दिसत नाही. शेपटी पूर्णतः स्थिर असेल, तर सामाईक संकेत आत शिरतच नाही. दोहोंत उणीव राहिली की सामाईक गोष्ट फरकाचे रूप धारण करते : वीजवाहिनीचा गुणगुणाट हृदयाच्या आलेखात उमटतो आणि वाचणाऱ्यास तो हृदयाचाच वाटू शकतो.

येथे समतोल म्हणजे अभिनतीचा अभाव नव्हे. अभिनती काढून घेतली तर दोन्ही ट्रँझिस्टर बंद पडतात आणि तुलना उरतच नाही. दोन्ही बाजूंस सारखी आणि दोघींपासून स्वतंत्र अशी अभिनती, हाच येथे समतोल. साहित्याशी असलेले हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते, कारण मंडलातील दोन अर्ध मुद्दाम समान घडविलेले असतात, दोन साहित्यपरंपरा तशा नसतात. म्हणूनच तेथे आढळलेला फरक खरोखर त्या परंपरांचा आहे की त्यांना एकत्र जोडणाऱ्या सामाईक चौकटीचा, हे तपासण्याची जबाबदारी अधिक मोठी ठरते.