नवापूरचं जळकं ऑइल सीमेपार जाताना

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. इथल्या कारखान्यातून घातक कचरा भरलेला टेम्पो सुरतेकडे निघाला की काही वेळातच राज्य बदलतं. मग कागद कोणते लागतात?

2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते कचऱ्याचं पुढे काय होणार यावर ठरतं. गाळ परराज्यातल्या केंद्रात कायमचा पुरायचा किंवा जाळायचा असेल, तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं. पण जळकं ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी जात असेल, तर ते लागत नाही. माल गाडीवाल्याच्या ताब्यात देण्याआधी दोन्ही मंडळांना कळवलं की झालं. ही सवलत मला रास्त वाटते, कारण परवानगीची वाट बघत पिंप गळत राहण्यापेक्षा ऑइल पुन्हा वापरात आलेलं बरं.

सवलत तेवढीच. घेणारा अधिकृत परवानाधारकच हवा. सात रंगांच्या प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबतचं वाहतूक-पत्र, सुटत नाही: पिवळ्या प्रतीवर ड्रायव्हरची सही घेऊन ती आपल्याकडे ठेवायची. पिंपावर लेबल आणि ड्रायव्हरजवळ आणीबाणीचं कार्डही हवंच. घाटात गाडी उलटली, तर मदतीला धावणाऱ्यांना आत काय आहे ते त्यावरूनच कळतं.