विमान आणि समुद्रावरचा वारा

खळ्यात उफणणी करणारा शेतकरी आधी वारा कोठून येतो ते पाहतो. वैमानिकही तेच पाहतो, बरे का! विमान उतरवायचे ते वाऱ्याला तोंड देऊन. समोरचा वारा पंखांना उचलून धरतो, त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी राहतो आणि थोडक्या धावपट्टीत काम भागते.

आता मुंबईचा विमानतळ घ्या. मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला २७ हा आकडा आहे. म्हणजे होकायंत्राचे २७० अंश, पश्चिम. दुपारचे खारे वारे तिकडूनच येतात. रात्री मतलई वारे सुटले की हिशेब बदलतो.

पावसाळ्यात गोष्ट निराळी. नैर्ऋत्येचा वारा तिरका लागतो, सर आली की पुढचे दिसत नाही. पट्टीवर पाणी साचले, तर चाके त्यावर तरंगतात, ब्रेक धरत नाहीत. १ जुलै २०१९ च्या रात्री जोराच्या पावसात जयपूरहून आलेले विमान पट्टीच्या पुढे गेले. प्रवासी बचावले, पण ती पट्टी काही दिवस बंद राहिली.

म्हणून हवामान खात्याची माणसे दर अर्ध्या तासाला वारा, दृश्यता, ढगांची उंची कळवतात. ठरलेल्या उंचीपर्यंत येऊनही पट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर न्यायचे, असा नियमच आहे. प्रवासी कुरकुरतात, ती कुरकूर मला उगाच वाटते. मग विमान घिरट्या घालते, नाहीतर अहमदाबादेकडे वळते.