जळालेल्या नऊ मोटारी आणि कॅमेऱ्यासमोरचा कारागीर

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात ब्राउन्स लेन येथे जॅग्वार कंपनीचा मोटार कारखाना होता. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याला भीषण आग लागली. त्या वेळी तेथे एक्सकेएसएस नावाच्या स्पोर्ट्स गाड्या तयार होत होत्या. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९५५, १९५६ व १९५७ अशी सलग तीन वर्षे जिंकणाऱ्या डी-टाइप गाडीचे हे रस्त्यावर चालविण्याजोगे रूप होते. एकूण २५ गाड्या करण्याचा बेत होता. त्यांपैकी ९ आगीत गेल्या, उरलेल्या १६ विकल्या गेल्या आणि तो विषय तेथेच संपला.

जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६ साली, कंपनीने जाहीर केले की, त्या जळालेल्या ९ गाड्या आम्ही नव्याने बांधणार. अडचण अशी की, ज्या साच्यांवर पत्रा घडविला जात असे ते जुने साचे उरलेले नव्हते. तेव्हा १९५७ च्या शिल्लक गाड्या स्कॅनरने मोजून संगणकावर संपूर्ण गाडी उभी केली गेली आणि त्यावरून नवा साचा तयार झाला. येथपर्यंत काम यंत्राचे. पुढचे मात्र हाताचे! मूळ गाडीप्रमाणेच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा दोन रोलरच्या चाकयंत्रातून मागेपुढे फिरवून त्याला बाक दिला गेला. एका गाडीत २,००० हून अधिक रिव्हेट आणि अंदाजे १०,००० तासांची मजुरी. आमच्या कारखानदार बंधूंनी हिशेब करून पाहावा. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर एका माणसाची ही चार वर्षांहून अधिक मेहनत होय. किंमत १० लाख पौंडांच्या वर.

हे काम चालू असतानाचे व्हिडिओ कंपनीने लोकांसमोर ठेवले, आणि आम्हाला या साऱ्या प्रकरणात खरे मोल वाटते ते याचेच. पत्रा चाकात कसा फिरवावा हे कागदावर लिहून समजत नाही. ज्याने कधी मडगार्ड सरळ केले आहे त्याला ठाऊक आहे की, दाब किती द्यायचा हे तळहात सांगतो आणि पत्रा ताणला गेला की नाही हे आवाज सांगतो. शागीर्द उस्तादाच्या बाजूला वर्षानुवर्षे उभा राहून हे शिकतो. व्हिडिओ त्या उभे राहण्याची बरोबरी करीत नाही. पण उस्ताद निघून गेल्यावर पाहण्याजोगे दुसरे काय उरते?

जॅग्वारचेच आणखी एक उदाहरण घ्या. नॉर्मन ड्यूइस हे १९५२ पासून १९८५ पर्यंत कंपनीच्या गाड्या चालवून तपासणारे गृहस्थ. गाड्यांना डिस्क ब्रेक बसविण्याच्या खटपटीत त्यांचा मोठा वाटा. मार्च १९६१ मध्ये नवी ई-टाइप जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि पाहणाऱ्यांची एकच गर्दी उसळली. तेव्हा दुसरी गाडी ताबडतोब आणा, असा हुकूम कॉव्हेंट्रीला आला आणि ड्यूइस यांनी रातोरात गाडी हाकून ती सकाळी पोचविली. हा किस्सा त्यांनी म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर अनेकदा सांगितला. २०१९ साली वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. कोणत्या गाडीत काय खोट होती आणि ती कशी काढली, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची सोय आज आहे ती कोणी तरी वेळेवर कॅमेरा लावला म्हणून.

यात धंदाही आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नकोच. ब्रिटिश पाथे ही सिनेमागृहांसाठी वार्तापट काढणारी जुनी संस्था. एप्रिल २०१४ मध्ये तिने आपल्या संग्रहातील ८५,००० फिल्म यूट्यूबवर घातल्या. त्यांत जुन्या मोटार शर्यतीही आहेत. पाहायला पैसा लागत नाही, पण आपल्या कार्यक्रमात किंवा जाहिरातीत तुकडा वापरायचा असेल तर हक्क विकत घ्यावा लागतो. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला अशा फिल्मचा मोठा आधार असतो. आरसा कोठे होता, बॉनेटला पट्टा होता की नव्हता, नंबर कोणत्या बाजूला रंगविला होता, हे त्यात दिसते. रंगाचे मात्र विचारू नका. बहुतेक फिल्म काळ्या-पांढऱ्या!

एक तक्रार नोंदविल्याशिवाय राहवत नाही. हल्ली गाड्यांचे व्हिडिओ उदंड झाले आहेत. त्यांपैकी बऱ्याच व्हिडिओंत मालक बोलतो, गाडी चकाकते, मागे वाद्ये वाजतात आणि पत्रा घडविणाऱ्याचे नुसते हात दोन-तीन सेकंद दिसतात. त्याचे नाव नाही, तोंड नाही. वर त्या वाद्यांखाली हातोडीचा आवाजही दडपला जातो. शिकणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

आपल्याकडे स्पोर्ट्स गाड्या मूठभर, पण हात तेच आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. हातोडी आणि डॉली घेऊन तिची दारे अन् मडगार्डे घडविणारे डेंटर अजून आहेत, पण आता वयाने थकले आहेत. ज्यांच्याकडे गॅरेजच्या उद्घाटनाच्या किंवा जुन्या कामाच्या व्हिडिओ कॅसेट कपाटात पडून असतील, त्यांनी त्या लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. फीत वर्षागणिक खराब होते आणि ती चालविणारा व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. नवे चित्रण करणाऱ्यांना आमची सूचना एवढीच की, मोबाइल स्टँडवर ठेवा आणि कारागिराच्या खांद्यामागून हात दिसतील असा लावा. त्याचे नाव, पत्र्याची जाडी व कामाची तारीख त्याच्याच तोंडून सुरुवातीला बोलवून घ्या आणि गाणे लावू नका.