हरीक चढतो, पण दारूसारखा नाही

वैशाखऱ्यापासून वर माळशेजपर्यंत परतीचा पाऊस कधी कधी ऐन कापणीत गाठतो. अशा हवेत हरकाविषयी, म्हणजे देशावरच्या कोद्र्याविषयी, जुन्या समजुती पुन्हा तोंडी येतात. सध्या भरडधान्य म्हणून तो पाकिटातून मिळू लागला आहे, त्यामुळे त्या तपासलेल्या बऱ्या.

गैरसमज: हरीक हे धान्यच विषारी.
वस्तुस्थिती: नीट वाळलेला हरीक निर्धोक असतो. भारे ओलेच रचले की दाण्यावर अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी धरते आणि ती सायक्लोपायाझोनिक आम्ल तयार करते. कोद्र्याच्या विषबाधेशी या आम्लाचा संबंध भारतीय संशोधकांनी 1985 साली दाखवला.

गैरसमज: ही दारूसारखीच नशा.
वस्तुस्थिती: झोकांड्या तशाच, कारण निराळं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. तिथून कॅल्शियम सुटलं की स्नायू आखडतो, परत आत गेलं की सैल पडतो. म्हणजे सैल पडायलाही शक्ती खर्चावी लागते, हे अनेकांच्या गावी नसतं. परत नेण्याचं काम कोठाराच्या पडद्यातलं एक विकर पंपासारखं करतं. एटीपी या पेशीतल्या इंधनाच्या एका रेणूमागे कॅल्शियमचे दोन आयन. बुरशीचं आम्ल नेमकं या पंपात, कॅल्शियमच्या वाटेवर अडकून बसतं. पंप थांबतो, कॅल्शियम बाहेरच रेंगाळतं. चेतापेशींतही याच घराण्यातले पंप आहेत, तेव्हा घेरी, कंप, ओकाऱ्या यांचा सगळा दोष स्नायूंच्या माथी मारता येणार नाही. गंमत म्हणजे पंप मुद्दाम बंद पाडून पाहायला प्रयोगशाळेत हेच आम्ल वापरतात. भूमध्य समुद्राकाठच्या थाप्सिया वनस्पतीतलं थाप्सिगार्गिन याहून जालीम. ते पंपाला सहसा सोडत नाही.

गैरसमज: बांधवगडचे हत्ती कोणीतरी विष घालून मारले.
वस्तुस्थिती: ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस तिथे 10 हत्ती दगावले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत कीटकनाशकं सापडली नाहीत. हेच आम्ल सापडलं. हत्तींनी कोद्र्याची उभी शेतं खाल्ली होती.

गैरसमज: धुऊन शिजवला की झालं.
वस्तुस्थिती: धुतल्याने वरची बुरशी जाईल, दाण्यात मुरलेलं विष जाईलच असं नाही. चुलीवरही भरवसा ठेवू नये.

तेव्हा भारे उन्हात खडखडीत वाळवूनच मळा. कुबट दाणा कोंबड्यांनाही घालू नका. खाऊन घेरी आली, हात थरथरू लागले, तर उतारे शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.